बिनगाठीची पेटी

"साहेब, ही पेटी मोजू नका! सील गायब आहे!"

हे ओरडणं ऐकू आलं तेव्हा मी मतमोजणीच्या हॉलमध्ये माठात पाणी ओतत होते. घागर तशीच हातात राहिली. कारण पेटीवरचा नंबर मला लांबूनही वाचता आला. ती आमच्या बायकांच्या बूथची पेटी होती, आणि तिचा दोरा मी बांधला होता.

चौथी शिकलेली बाई असं काही लिहायला बसली म्हणजे लोक हसतील, म्हणून ही वही मी ट्रंकेत ठेवते. पण त्या दिवशी जे पाहिलं ते कुठंतरी लिहून ठेवायला हवं.

मी म्युनिसिपालटीच्या शाळेत शिपाईण होते. लागून तीन वर्षं झाली होती, तीही टेम्पररी. निवडणूक आली की शाळेच्या लोकांना ड्यूटी लागायची. आमचा मोहल्ला जरीपटक्याच्या पलीकडे. तिथल्या बायकांच्या बूथवर मोहरील सर प्रिसायडिंग ऑफिसर होते, म्हणजे त्या खोलीतल्या मतदानाचे मुख्य. मी त्यांच्या हाताखाली. बायकांची रांग लावायची, पाणी द्यायचं, म्हाताऱ्यांना पायरी चढवायची.

तेव्हा मशीन नव्हतं. कागदाच्या मतपत्रिका आणि लोखंडी पेट्या. मतदान संपलं की पेटीच्या कडीला दोरा बांधायचा, गाठ मारायची, गाठीवर तापलेली लाख ओतायची आणि लाख ओली असतानाच तिच्यावर पितळी शिक्का दाबायचा. याला सील म्हणतात. पेटी मध्ये कोणी उघडली तर लाख फुटते आणि चोरी कळते. हे काम प्रिसायडिंग ऑफिसरनं स्वतः करायचं असतं. उमेदवारांचे एजंट समोर उभे राहून पाहू शकतात, त्यांना आपलाही शिक्का मारता येतो.

त्या संध्याकाळी लाख वितळवताना मोहरील सरांची दोन बोटं भाजली. फोड आले. एजंट सगळे निघून गेले होते. पेट्या न्यायला गाडी येऊन उभी होती. सर म्हणाले, "बाई, तुम्हीच बांधा. मी शिक्का मारतो."

मी बांधलं. पण गाठ मारली नाही. चूक इथंच झाली, आणि ती का झाली ते सांगते.

शाळेत लागायच्या आधी आठ वर्षं मी बिडी बांधत होते. तेंदूचं पान ओलं करून कापायचं, त्यात जर्दा भरायचा, वळायचं आणि शेवटी दोरा गुंडाळायचा. दोऱ्याला गाठ मारत बसलं तर दिवसाकाठी हजार बिड्या होत नाहीत. म्हणून तीन वेढे घ्यायचे आणि दोऱ्याचं टोक नखानं वेढ्याखाली सारायचं. पाहणाऱ्याला वाटतं सैल आहे. पण ओढलं की तो दोरा अजून आवळतो. आठ वर्षं हाताला एकच काम केल्यावर हात डोक्याला विचारत नाही. सरांनी दोरा दिला, गाडीवाला हॉर्न वाजवत होता, आणि माझ्या हातानं पेटी बिडीसारखी बांधून टाकली.

गाठ असली की लाख तिला धरून राहते. माझे वेढे चपटे, खाली गुळगुळीत लोखंड. गाडीच्या धक्क्यांनी लाख अख्खी निघाली आणि पेटी ज्या पोत्यात घालून नेली त्याच्या तळाशी पडली. हे मला मोजणीच्या दिवशी कळलं.

मोजणी गांधीबागेकडच्या एका शाळेत होती. आमच्या वॉर्डात दोन उमेदवार खरे. एक रामटेके मास्तर, आमच्याच मोहल्ल्यातले. दुसरे हरबाजी, बिडीचे ठेकेदार. सगळ्या पेट्या मोजून झाल्या तेव्हा हरबाजी सदतीस मतांनी पुढे होते. राहिली होती फक्त ही पेटी. बाहेर लिंबाखाली त्यांच्या माणसांनी हार आणून ठेवले होते.

ओरडणारा त्यांचा भाचा, सुरेश. तोच त्यांचा एजंट.

"लाख खाली पडली आहे साहेब, अन् दोऱ्याले गाठच नाही. रातभर पेटी कुठं होती, काय मालूम! कोणीबी खोलून पाहिली असन."

मोजणीचे साहेब पुण्याकडचे. कमी बोलायचे. त्यांनी पेटी स्वतःच्या टेबलावर घेतली आणि मोहरील सरांना बोलावलं. सरांना मोजणीची ड्यूटी दुसऱ्या टेबलावर होती.

"ही पेटी तुम्ही बांधलीत?"

सर म्हणाले, "होय साहेब. मीच."

"मग हा दोरा घ्या आणि ही रिकामी पेटी तशीच बांधून दाखवा."

सरांच्या बोटांना पट्टी होती. त्यांनी कसाबसा दोरा गुंडाळला आणि वर एक साधी गाठ मारली. शेजारीच आमच्या बूथची पेटी होती. आंधळ्यालाही फरक कळला असता.

सुरेश टेबलावर हात आपटून म्हणाला, "पाहा! म्हणजे मागून दुसऱ्यानंच बांधली. रद्द करा पेटी!"

साहेबांनी टोपण काढून पेन हातात घेतलं. "या बूथचं मतदान पुन्हा घ्यावं लागेल," ते म्हणाले.

पुन्हा मतदान म्हणजे काय होईल ते साहेबांना माहीत नव्हतं, मला होतं. आमच्या मोहल्ल्यातल्या अर्ध्या बायका बिडी बांधायच्या. कोणाला किती पानं द्यायची ते ठेकेदाराची माणसं ठरवायची. वॉर्डाचा निकाल एका बूथवर अडला असं कळलं असतं, तर ती माणसं घरोघर फिरली असती. मग कोण येणार रांगेत? त्या पेटीत माझ्या सासूचंही मत होतं. दरवेळी तिच्या नावानं कोणीतरी आधीच मत देऊन गेलेलं असायचं. या वेळी तिला पहिल्यांदा स्वतःच्या हातानं शिक्का मारायला मिळाला. घरी येऊन ती म्हणाली होती, "सत्तर वर्षांत पयल्यांदा कोणी मले विचारलं वं, तुले कोण पायजे म्हणून."

आणि माझ्या तीन वेढ्यांपायी ते मत कचऱ्यात जाणार होतं.

मी भिडस्त. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. शाळेतही पटावर सही करायला सगळे निघून गेल्यावर जायची. पण घागर खाली ठेवली आणि टेबलापर्यंत गेले.

"साहेब, ती मी बांधली."

कोणाला ऐकूच आलं नाही. पुन्हा म्हणाले. तेव्हा साहेबांनी मान वर केली.

"तुम्ही कोण?"

"शिपाईण. सरांची बोटं भाजली होती."

मोहरील सर पटकन पुढे झाले. "मीच सांगितलं होतं साहेब. खोटं बोललो मी. बाईंची यात काही चूक नाही."

"वा!" सुरेश म्हणाला. "म्हणजे आता शिपाईण सील करते! साहेब, ही बाई त्यांच्याच मोहल्ल्यातली आहे. रामटेके मास्तरच्या घराजवळ राहते. शिकवून पाठवली असन तिले."

साहेब माझ्याकडे बघून राहिले. रागानं नव्हे. "बाई, तुम्ही खरं बोलत असाल. पण तुम्ही त्याच मोहल्ल्यातल्या आहात. नुसत्या तुमच्या शब्दावर मी पेटी उघडू शकत नाही."

ते बरोबरच होतं.

तेवढ्यात हरबाजी आत आले. गडबड ऐकून उठले असतील. धोतर, जाकीट, खिशात चष्मा. त्यांना पाहून माझे पाय आपोआप मागे सरले. आठ वर्षं मी त्यांच्यासमोर सूप ठेवून बसले होते. बायकांनी बांधलेल्या बिड्या ते स्वतः तपासायचे. मूठभर उचलायचे, अंगठा फिरवायचा आणि नको त्या बाजूला फेकायचे. त्या फेकलेल्या बिड्यांना छाट म्हणायचे. छाट आपल्या हिशोबात धरत नसत. माझी छाट सगळ्यांत जास्त निघायची, कारण मी डावरी. माझा दोरा उलटा फिरतो. "कट्ट्यात वेगळी दिसते," म्हणजे बिड्यांच्या जुडीत, असं म्हणायचे आणि चांगली बिडीही बाजूला टाकायचे. आठ वर्षांत त्यांनी माझ्या तोंडाकडे कधी पाहिलं नाही. नावही माहीत नसावं. डावरी एवढंच.

"काय बोंबलून राहिला रे?" त्यांनी भाच्याला विचारलं.

"मामा, पेटीले गाठ नाही. रद्द करून राहिले साहेब."

"मी पाहू काय साहेब? हात नाही लावत."

साहेबांनी पेटी त्यांच्याकडे वळवली. हरबाजींनी चष्मा लावला. वाकून कडीच्या अगदी जवळ डोळे नेले. अंगठा हवेत फिरला, जसा सुपावर फिरायचा. मग ते सरळ झाले.

"ही बिडीची बांधणी आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे याले गाठ नसतेच. टोक खाली दाबलेलं आहे. दोरा कापल्याबिगर हे निघत नाही. अन् एक डाव निघाली त हे असे वेढे परत बसत नाहीत, दोरा फुगते. हे पयल्या हाताचे वेढे आहेत." थोडं थांबून ते म्हणाले, "अन् डावऱ्या हाताचे."

हरबाजींनी चष्मा सारखा केला.

"कोण बांधली?"

मी पदर सावरला. त्यांनी माझ्या तोंडाकडे आताही पाहिलं नाही. "हात दाखव वं."

मी दोन्ही हात पुढे केले. डाव्या हाताच्या बोटावर दोऱ्याचा घट्टा अजून होता.

"डावरीच," ते म्हणाले. "साहेब, माझ्या शेडमधी इतक्या वर्षांत एकच डावरी होती. हिची बिडी मी अंधारात वळखीन. लई फेकली मी."

साहेबांनी पोत्यात सापडलेली लाख मागवली. बिस्किटासारखी अख्खी होती. वर सरांच्या शिक्क्याचा ठसा. साहेबांनी ती उलटी केली. आतल्या बाजूला तीन वेढ्यांचे ठसे होते, तिरके. त्यांनी ती अलगद दोऱ्यावर ठेवली. झाकणावर झाकण बसावं तशी बसली. दोरा हललाच नव्हता.

"तुमच्या एजंटनं हरकत घेतलेली आहे," साहेब म्हणाले. "ती मागे घेता का? लेखी द्यावं लागेल."

सुरेश मामाच्या कानाशी लागला, पण घाईत आवाज मोठाच झाला. "मामा, सदतीसनं पुढं आहो आपण! ती बायकांची पेटी आहे! काहून मरून राहिले?"

"पेटी बंद होताना तू कुठं होता?"

"मामा, ते..."

"कुठं होता?"

"जेवाले गेलो होतो. सावजीकडं."

"इथं थांबून दोन मिनिटं पाहिलं असतं त आज मले चष्मा लावा लागला नसता." हरबाजींनी साहेबांकडून कागद घेतला आणि उभ्यानंच सही केली. "मोजा साहेब."

पेटी उघडली. मतपत्रिका टेबलावर ओतल्या, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या झाल्या. त्या पेटीत काय असणार हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त हरबाजींना. त्या बायका त्यांच्याच हाताखाली बिड्या बांधायच्या. रोजची छाट त्या विसरल्या नव्हत्या. ते खुर्चीवर बसून एकेका जुडीकडे बघत राहिले. उठून गेले नाहीत.

रामटेके मास्तर एकसष्ट मतांनी निवडून आले.

बाहेरचे हार तसेच पडले होते. हरबाजींनी त्यातला एक उचलून मास्तरांच्या गळ्यात घातला. "मास्तर, नळाचं पाणी आणा पयले," एवढं बोलले. मग माठापाशी आले. मी ग्लास भरून दिला. पाणी पिऊन ते म्हणाले, "डावरे, अजून उलटीच बांधतं." ग्लास खाली ठेवला आणि निघून गेले.

मी काही त्यांना देवमाणूस म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेडमध्ये छाट तशीच निघाली असेल. माझ्या चांगल्या बिड्या त्यांनी आठ वर्षं फेकल्या, ते मी विसरलेली नाही. पण बांधणी पाहिल्यावर ते खोटं बोलू शकले नाहीत. एक शब्द बोलले नसते तर निवडून यायची वाट मोकळी होती. त्यांना फक्त गप्प बसायचं होतं. माझ्यासारखीला गप्प बसणं किती सोपं असतं ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून तर त्यांची किंमत कळते.

मोहरील सरांना मेमो मिळाला. त्यांनी उत्तरात सगळं खरं लिहिलं, माझं नाव मात्र 'एक कर्मचारी' असं लिहिलं. साहेबांनी समज देऊन सोडलं. माझी नोकरी राहिली. दोन वर्षांनी पर्मनंटही झाले. सासूला निकाल सांगितला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माह्यं मत मोजलं," आणि भाकरी थापायला बसली.

पुढच्या निवडणुकीत हरबाजी उभे राहिले नाहीत. मी मात्र रिटायर होईपर्यंत दर निवडणुकीला बूथवर होते. दोरा बांधायची वेळ आली की नवे प्रिसायडिंग ऑफिसर मलाच हाक मारायचे. ही गोष्ट शाळाभर झाली होती. हात सवयीनं तीन वेढे घ्यायचा. टोक नखाखाली यायचं. तिथं मी थांबायची, वेढे सोडायची आणि वरून दोन पक्क्या गाठी मारायची.

समोर दरवेळी हरबाजी उभे असतीलच असं नाही.