दोन खोक्यांचं भांडण

टेमघरला स्पीकर दुरुस्त करणारा हा माणूस कायम ओरडूनच बोलतो. शेजारी पॉवरलूम चालतात म्हणून, असं मला वाटायचं. पण वीज जाऊन लूम बंद पडले तरी त्याचा आवाज खाली येत नाही. बेस मात्र तो कानांनी ऐकतच नाही. स्पीकरच्या खोक्यावर तळहात टेकवतो आणि डोळे मिटतो.

मी लग्नांतल्या हळदीला वाजणाऱ्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. परवा एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर माझ्या मोठ्या खोक्यासोबत लहान खोकाही जोडला, तर आवाज वाढायच्या ऐवजी बेसच गायब झाला. संध्याकाळी हळद होती. सगळं सामान टेम्पोत घालून मी त्याच्याकडे गेलो. "अ‍ॅम्प कमी पडतोय," मी सांगितलं.

"अ‍ॅम्पला काय झालं न्हाय. वाजव!" त्याने दोन्ही खोक्यांवर एकेक हात ठेवला. "भांडतायत दोघं. एक पुढं ढकलतोय, दुसरा मागं खेचतोय."

त्याने लहान खोका उघडून आतल्या दोन वायरींची अदलाबदल केली. मी तार छेडली आणि टेबलावरचे स्क्रू नाचायला लागले.

मी खूश. तो मात्र खोक्याकडे बघत राहिला.

"गेल्या महिन्यात यो मीच उघडलेला. उलटी वायर माझीच." पहिल्यांदाच तो हळू बोलत होता.

माझं सामान टेम्पोत चढवून त्याने शटर ओढलं. "त्याच दिवशी अजून एक खोका जोडून कोन गावात दिलाय," म्हणत त्याने स्कूटरला किक मारली.

कोनवाल्याने तक्रार केलीच नव्हती.