जाळं फेकणाऱ्याचे हातमोजे

यंदाच्या हिवाळ्यात मी हातमोज्यांचे चार जोड नापास केले. सोयरीक पाहायला आलेल्या आत्याबाईसारखी प्रत्येकात खोड काढली. एक जाड, एक बारीक, एक रंगाने भडक, एक अर्धवट. आता थकून खरं काय ते लिहितो, कारण माझ्या तोंडून खरं निघायला फार वेळ लागतो. वाटेत त्याला दहा गमती भेटतात.

मूल या तालुक्याच्या गावाजवळ आमचं गाव, गावाला तलाव, आणि घरचा धंदा मासोळीचा. धान कापून झालं, पाणी जरा खाली गेलं की आमचा हंगाम लागतो. नेमका कडाक्याच्या थंडीत. सकाळी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून फेकजाळं टाकायचं. ते गोल पसरून पडतं, काठाला ओवलेलं शिसं तळाला बसतं, मग दोरी हळूहळू ओढायची. आत मासोळी धडकली की दोरीतून बोटांना समजतं. सारं कसब त्या समजण्यात. माझे वडील जाळं वर यायच्या आधी सांगायचे, रोहू आहे की मरळ. मीही सांगायचो, आणि वडिलांपेक्षा मोठ्या आवाजात.

दिवाळीनंतर माझ्या उजव्या करंगळीत शिंगट्याचा काटा घुसला. मिशीवाली मासोळी ती, कल्ल्याजवळ दोन्हीकडे काटे. असे काटे जन्मभर लागले, त्यांचं काय एवढं? पण सात वर्षांपासून मला साखरेचा आजार आहे. बोट पिकलं, काळं पडू लागलं. डॉक्टरीणबाईंनी नख काढलं, महिनाभर पट्ट्या केल्या आणि शेवटच्या दिवशी म्हणाल्या, "भाऊ, हे बोट वाचलं. पुढच्या जखमेला वाचेल असं मी सांगू शकत नाही. बोटावरच थांबेल असंही नाही. एक तर पाण्यात जाऊ नका, नाहीतर चांगले हातमोजे घाला."

यातलं 'पाण्यात जाऊ नका' हे मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच विसरलो. हातमोजे विसरायची सोय नव्हती, कारण बायको शेजारीच बसली होती.

पहिला जोड तिने आठवडी बाजारातून आणला, लोकरीचा. तो घालून मी पाण्यात उतरलो आणि लोकरीने अर्धा तलाव पिऊन टाकला. हात असे जड झाले की जाळं पसरायच्या ऐवजी गाठोड्यासारखं माझ्यासमोरच पडलं. काठावरून सोबती ओरडले, "भाऊ, मासोळी धरून राह्यले का मेंढरं धुवून राह्यले?" मी दोन्ही हात वर करून मेंढीसारखा ओरडलो. फार हसले सगळे. घरी येऊन मी जोड चुलीजवळ वाळत टाकला आणि बायकोला सांगितलं, "हा नापास."

दुसरा दवाखान्यातल्यासारखा पातळ. शिशाच्या पहिल्याच ओढीला फाटला, बोटांत पाणी भरलं आणि माझा हात दुभत्या गाईच्या सडांसारखा लोंबू लागला. मग आम्ही दोघं मूलच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार चाचा माझ्या ओळखीचे. त्यांनी भांडी घासायचे पिवळे मोजे काढले. मी ते घालून दुकानात, खिळ्यांच्या डब्यांमधल्या जागेत, हवेतलं जाळं फेकून दाखवलं. गिऱ्हाइकं थांबली. मी हवेतली मरळ ओढली, ती सटकली, मी कपाळावर हात मारला.

चाचा म्हणाले, "भाऊ, मच्छी पकडना है के नाटक करना है?"

"दोन्ही, चाचा."

"तो फिर ये पीला रंग ठीक है. दूर से दिखेगा."

बायको हसली नाही. तिने ते पिवळे घेतले, आणि शेजारचे पांढरे सुतीही घेतले, तळव्यावर निळ्या रबराचे ठिपके असलेले. पिवळ्यातून ओली दोरी सटकायची. ठिपक्यांची पकड चांगली होती, पण हाताच्या पाठीकडून रबर नाही, नुसतं सूत. पाणी आत, काटा आत. तेही नापास.

पाचवा जोड भद्रावतीहून तिच्या भावाने पाठवला. काळं जाड रबर, मनगटाच्या बरंच वर जाणारं, आतून अस्तर. पाहिल्यावरच कळलं की यातून काटा जाणार नाही. खोड काढायला जागाच नव्हती, म्हणून मी तो हातात चढवला आणि लगेच तोंड वाकडं केलं.

"यात दोरी समजत नाई," मी म्हणालो.

"प्रत्येकाले कायी ना कायी म्हणता तुमी."

"मग? जाळ्यावाल्याले दोरी समजली नाई तर तो दगड उचलून राह्यला का मासोळी, कसं समजणार?"

वाळत घातलेल्या जाळ्याची दोरी तिने सोडवली, टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "काढा मोजे. उघड्या बोटानं धरा. आता तिकडं तोंड करा, भिंतीकडं."

मी तोंड फिरवलं. नाटक म्हटलं की मी तयारच.

"ओढली का मी?"

"हो. हळू ओढली."

"आता?"

"आता जोरानं. मरळ हाय," मी म्हणालो आणि स्वतःच हसलो.

"इकडं पाहा."

मी वळलो. ती चुलीजवळ बसून काड्या मोडत होती. जाळं अंगणात पडलेलं, आणि दोरी माझ्या पायाशी सैल.

"मी हात बी नाई लावला," ती म्हणाली. "कवापासून नाई समजत?"

मी सांगितलं, यंदाच. तिने हातातली काडी खाली ठेवली. मग मी खरं सांगितलं, मागचा हिवाळा, आणि त्याच्या आधीचाही थोडा.

खरंच तसं होतं. गार पाण्यात सगळ्यांचीच बोटं बधिर होतात, म्हणून माझं झाकून गेलं. सोबत्यांची बोटं शेकोटीवर परत येत, माझी येत नसत. मी डोळ्यांनी पाणी पाहायचो, दोरीचा ताण खांद्याने ओळखायचो आणि ठोकून द्यायचो, रोहू! जाळ्यातून निघायचं सडकं लाकूड. लोक पोट धरून हसत. गमत्या माणूस, मुद्दाम चुकीचं सांगतो. मीही हसायचो. दोन हिवाळे हसून हसून मी इतका दमलो होतो की पिकलेली करंगळीही दुखली नाही याचं मला बरं वाटलं होतं. हेही तिला सांगून टाकलं.

"दुखली नाई, मनून तर पिकली," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईले सांगितलं का हे?"

"नाई."

"काऊन?"

का नाही सांगितलं ते टाळून मी करंगळीकडे पाहू लागलो.

तिने काळे मोजे उचलून माझ्या मांडीवर ठेवले. "मंग आता काय पाहिजे तुमाले पातळ? समजत तर तसंही नाई. हेच घाला. नाई घातले तर मी तलावावर येऊन सगळ्याइले सांगीन."

दुसऱ्या दिवशी ते घालून मी पाण्यात उतरलो. दोरीचा फास मोज्याच्या वर, उघड्या कोपराजवळ बांधला. तिथलं कातडं अजून जागं आहे. जाळं बरं पडलं. सोबती ओरडले, "सांगा भाऊ, काय हाय?" तोंडात रोहू आलीच होती. मी म्हणालो, "मले नाई समजत. वर आल्यावर पाहू." ते त्यालाही हसले.

दुपारी घरी आलो तर तिने टोपली बाजूला सारली आणि आधी मोज्यांसकट माझे हात ओढले. मोजे उन्हात धरून एकेक बोट चाचपलं. उजव्या मोज्याच्या अंगठ्याजवळ थांबली, चिमट्याने काहीतरी उपटलं. बोटाच्या पेराएवढा शिंगट्याचा काटा, रबरात रुतलेला. मग मोजा काढून तिने आतला अंगठा डोळ्यांजवळ नेला, दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला. ओरखडाही नव्हता.

"कवा लागला हा?" तिने विचारलं.

मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. ती म्हणाली, "डावा हात द्या," आणि मी दिला.