छत्तीस घोडेस्वार आणि एक दूधवाली

बाहेरच्या बाकांवर बसलेली मंडळी दबक्या आवाजात एकमेकांना सांगतात, की चार नंबरच्या खोलीतली बाई बायोडेटा हातात घेते आणि टराटरा फाडते. साफ खोटं! माझी मावशी कागद फाडत नाही. ती तो मोठ्याने वाचते. त्यापेक्षा फाडलेला परवडला.

परदेशातून आलेल्यांना बस्तान बसवायला आणि नोकरी शोधायला मदत करायची, हे तिचं बारा वर्षांचं काम. या बारा वर्षांत तिला सगळ्यात जास्त किळस आली ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याची. हा गृहस्थ सगळ्यांना एकच बायोडेटा विकतो, नाव तेवढं बदलून. परिणामी यंदा मावशीसमोर अशी छत्तीस माणसं बसून गेली, ज्यांनी एकाच विमा कंपनीत एकाच हुद्द्यावर तीन वर्षं काढली होती. वर छत्तिसांनाही घोडेस्वारीचा छंद!

सदतिसावी एक मुलगी होती. अन्नतंत्रज्ञानाची पदवी तिने इथेच घेतलेली. राहण्याचा परवाना संपायला तीन आठवडे उरलेले. तोवर शिक्षणाला साजेशी नोकरी लागली नाही, तर गाशा गुंडाळायचा.

मावशीने कागद मेलेल्या उंदरासारखा चिमटीत धरला आणि वाचायला घेतलं. "'ध्येयवेडी, गतिमान, घोडेस्वारीची आवड.' रंग कोणता गं घोड्याचा?"

मुलगी खुर्चीच्या कडेला सरकली.

"चावतो का?"

"ताई, तो झेरॉक्सवाला म्हणाला, तिकडच्या अनुभवाला इकडे कुत्रं विचारत नाही. काढून टाक."

"मग काय काढलंस?"

"काही नाही हो. दूध."

मग हळूहळू पोटातलं ओठावर आलं. मायदेशी ती सहा वर्षं दूध संकलन केंद्रावर होती. कॅनचं झाकण उघडलं, की नुसत्या वासावर सांगायची: हे शिळं, हे आजारी जनावराचं, परत पाठवा. यंत्र मागाहून तेच बोलायचं. "पण हातांना आंबूस वास यायचा. तिकडे कॉलेजच्या वर्गात कुणी शेजारी बसायचं नाही. म्हणून नाही लिहिलं."

"शी!" मावशी किंचाळली. मुलीने हात टेबलाखाली लपवले. "अगं, तुला नाही! त्या विमा कंपनीला!"

तेवढ्यात मिशीत बिस्किटाचा चुरा घेऊन साहेब दारात डोकावले. "बाई, हिला पॅकिंगला चिकटवून टाका. महिनाअखेर आलीय, आपला आकडा भरायचाय."

"खोकी भरून परवाना वाढतो का, साहेब?"

"तो तिचा प्रश्न. आपल्या यादीत नोकरी ती नोकरी."

घासात केस निघावा तसं मावशीने त्यांच्याकडे पाहिलं आणि उठून दार लावून घेतलं. मग घोडा गेला, विमा कंपनी गेली, 'ध्येयवेडी' गेली. उरलं अर्धं पान. त्यातलं निम्मं दूध. तेच तिने दूध कारखान्याच्या प्रयोगशाळेला धाडलं.

संध्याकाळी तिने हे सांगितलं तेव्हा मी पैजेवर आलो. अर्ध्या पानावर नोकरी? शक्यच नाही!

दोन आठवडे उत्तर आलं नाही. मावशीने त्या प्रयोगशाळेत तीनदा फोन केला, तिसऱ्यांदा तर आवाज चढवून. परवान्याचे पाच दिवस उरले आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंनी बायोडेट्यावर बोट ठेवलं. "वासावर ओळखता? बरं, ओळखा." टेबलावर पाच ग्लास आले. मुलीने चार हुंगून खाली ठेवले. पाचव्याला तिने असं काही तोंड वाकडं केलं, की बाई दोन पावलं मागे सरल्या.

"हे ओता गटारात."

"अहो, हे आज सकाळी पास केलंय!"

"मग संध्याकाळी तक्रारी येतील."

पुन्हा तपासणी झाली. तो अख्खा माल परत मागवावा लागला. नेमणुकीचं पत्र दुसऱ्याच दिवशी हातात पडलं.

पैज अशी होती, की हरणाऱ्याने मावशीच्या कार्यालयातला सामाईक फ्रिज घासायचा. शनिवारी मी घासला. खालच्या कप्प्यात साहेबांचा एक डबा सापडला. आत काय होतं ते कळायला मार्ग नव्हता, पण त्याला आता दाढी आली होती.