‘येतो’ म्हणायचं न्हाय

व्हिसाच्या आधी पिंजरा आला. कसबा बावड्यातल्या संयोगिताच्या सोप्यात तो मांडला आणि सगळ्या गल्लीला कळलं, बाई खरंच मस्कतला चालली, आणि कुत्र्यालाबी घेऊन चालली.

विनाअनुदानित शाळेत विज्ञान शिकवून तिचा घसा गेला, पगार काय नीट हाताला लागला न्हाय. मस्कतच्या शाळेनं बोलावलं तेव्हा तिची आई, आक्का, लगेच व्हय म्हणाली. अडलं ते भुंग्यापाशी. कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेलं काळं पिल्लू, आता चांगलं दांडगं झालेलं. मागं ती ट्रेनिंगला पुण्याला गेलती, तर गड्यानं अन्नच सोडलं. सलाईन लावायची पाळी आली. त्याला मागं ठेवायची सोयच न्हवती.

प्राणी पाठवणाऱ्या माणसानं फोनवर बजावलंतं, कुत्रा पिंजऱ्यात गप बसला पायजे. धडका मारायला लागला तर विमानतळावरनं माघारी. झोपेचं औषधबी चालत न्हाय.

मग बाई आपलं ताट घेऊन पिंजऱ्याशेजारी जेवायला बसायची. आत त्याचं जुनं पोतं हांतरलं, भाकरीचा तुकडा टाकला, दार लावलं. थोड्या दिवसांत भुंग्या आत घोरायला लागला. पण निरोपाला पावणं यायला लागलं आणि सगळं बिघडलं. माणसं नारळ द्यायची, चहा प्यायची, उठायची, आणि उंबऱ्याशी पोचली की भुंग्या पिंजऱ्याच्या दारावर उडी घ्यायचा. एकदा नाक फोडून घेतलं. दिवस जवळ आला तसं संयोगिताला जेवण जाईना. नोकरी नको म्हणून कळवते, असं तिनं आक्काला दोनदा सांगितलं. आक्का दोन्ही वेळेला भांडी घासत राहिली.

उलगडा झाला केरबामुळं. मुंबईपर्यंत न्यायला त्याचीच जीप ठरलेली. बोलणं उरकून तो उठला, "येतो आक्का" म्हणाला, आणि पिंजरा हादरला. संयोगिता त्याच्याकडं बघतच राहिली.

"केरबादादा, परत म्हणा."

"काय?"

"येतो म्हणा."

म्हटलं. परत धडक.

भुंग्याला दोनच शब्द पक्के ठावं. संयोगितानं ‘ये’ म्हटलं की धावत सुटायचं. स्वयंपाकघरात तोंड घातलं की आक्का ‘जा’ म्हणून खेकसायची, मग गुमान पोत्यावर जाऊन पडायचं. आपल्यात निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. म्हणजे एकेक पावणा जाता जाता कुत्र्याला हाक मारत हुता.

"आता जातो म्हणून बघा."

केरबानं आक्काकडं बघितलं. "मी न्हाय म्हणणार. मला गाडी चालवायची हाय."

निघायच्या सकाळी गल्ली जमली. सगळ्यांना ताकीद दिलेली, म्हणून माणसं ओठ आवळून नुसते हात हलवत हुती. पिंजरा जीपमध्ये चढला, भुंग्या आत शांत. संयोगिता आक्काच्या पाया पडली, उठली, आणि सवयीनं तिच्याच तोंडातनं गेलं, "येते."

पिंजरा गदागदा हालला. दाराच्या तारेला रक्त लागलं. संयोगिता पायरीवर खाली बसली.

"बॅगा उतरवा दादा. असल्या कुत्र्याला विमानात कोण न्हाय घेणार."

आक्का दुखरे गुडघे ओढत जीपपाशी गेली. तिच्या दारातनं निघणाऱ्याला तो शब्द आजवर कुणी ऐकवला न्हवता. तिनं पिंजऱ्यावर थाप मारली.

"जा."

भुंग्या पोत्यावर आडवा झाला. आक्का लेकीकडं वळली.

"त्याला म्हटलंय. तुला न्हवं. बस गाडीत."

दिवसभर आक्का फोन मांडीवर घेऊन बसली. शेजारणीनं आणलेला चहा तसाच निवला. सांज झाली तेव्हा फोन वाजला.

"भुंग्याला घेतला आक्का. गप पडून हुता. आत नेला त्याला."

"आणि तू?"

"मी बी चालले आत. ठेवते."

"थांब. भुंग्या आता जवळ न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"मग नीट म्हण की."

पलीकडच्या गलक्यातनं आवाज आला.

"येते आक्का."