डब्ब्याची गरम बाजू

गाडीमागं डब्बा जोडून फिरायची हौस हल्ली बऱ्याच जणांना आहे, आणि त्यात एसी कसा बसवायचा असं वाचक मला विचारतात. मी नव्वदीला टेकलोय. पन्नासच्या दशकात मी तो बसवला होता. चुकीचाच बसवला होता, म्हणून सविस्तर सांगतो.

बाबा जंगलखात्यातले निवृत्त रेंजर. पोंभुर्ण्यापुढच्या एका गावातले सोमाजी मडावी त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं गार्ड होते. सोमाजींची मुलगी रांगत होती तेव्हाच बाबांनी तिच्या लग्नाला यायचा शब्द दिलेला. लग्न निघालं ऐन वैशाखात, आणि आदल्याच वर्षी ऊन लागून बाबा मरता मरता वाचले होते. डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा लागलं तर वाचणार नाहीत." बाबा म्हणाले, "शब्द दिला म्हणजे दिला. कसं न्यायचं ते तू बघ."

मी बघितलं. लष्कराच्या लिलावातला पत्र्याचा डब्बा, मित्राची जीप, बंद पडलेल्या कचेरीतला खिडकीचा एसी आणि विजेसाठी टुरिंग टॉकीजचं जनरेटर. ते जीपमध्ये, तिथून वायर डब्ब्यात. एवढी महागाची वस्तू धुळीत उघडी कशी टाकायची? म्हणून एसी अख्खाच्या अख्खा डब्ब्याच्या आत, पेटीवर ठेवला. स्वतःवर जाम खूश होतो.

नागपूरहून पहाटे निघालो. वरोऱ्याला झणझणीत पातोडीचा रस्सा आणि भाकरी मिळते म्हणून थांबलो. डब्ब्याचं दार उघडलं तर बाबा घामानं निथळत होते, तोंड लालबुंद.

"भट्टी चांगली पेटवलीस," म्हणाले.

कसली पातोडी न् कसलं काय! चांद्यापर्यंत (चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत) एसी बंद, खिडक्या उघड्या, बाबांच्या डोक्यावर ओला पंचा. जटपुरा गेटजवळ रहीमभाईंचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. ते डब्ब्यात डोकावले आणि हसायलाच लागले.

"काऊन भाऊ, पूरी मशीन आत कोंबली? आतली गरमी ते मागून फेकते. मागचं तोंड बाहेर नाई काढलं तर गरमी जाईन कुठी?"

"धूळ बसेल ना!"

"बसू द्या. मशीनले धूळ चालते, तुमच्या बाबाले गरमी नाई चालत."

त्यांनी मागच्या पत्र्याला चौकोन कापून एसी त्यात बसवला. थोड्याच वेळात बाबांनी चादर मागितली! तर मंडळी, पहिला धडा हा. दुसरा म्हणजे पाणी चांद्यातच भरून घ्या. पोंभुर्ण्याकडे तेव्हा खडी संपली की नुसती बैलगाडीची चाकोरी होती, वाटेत पाण्याचा थेंब नाही.

गावात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव होता. सोमाजींनी मानाने डब्बा मांडवाला लागूनच उभा करायला लावला. "साहेब, तुमी आतच बसा जी. तिथूनच अक्षता टाका." बाबा काचेतून लग्न बघत बसले. मी निर्धास्त.

मग बाबांनीच पाहिलं. मांडवाचा डब्ब्यामागचा कोपरा रिकामा झाला होता. तिथं एकटी नवरी उरली होती. हळद लागलेली, लग्न लागेपर्यंत पाटावरून उठायचं नाही. एसीची गरम हवा सरळ तिच्या अंगावर येत होती आणि हळद ओघळून लुगड्यावर उतरली होती. पाहुण्याला कसं सांगायचं म्हणून कोणी चकार शब्द काढला नव्हता.

"बंद कर ते."

"बाबा, डॉक्टर..."

"बंद कर म्हणतो ना! मी पोरीला आशीर्वाद द्यायला आलोय की भाजायला?"

ते उतरले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. माझा जीव टांगणीला. सोमाजींनी त्यांच्या डोक्यावर ओला गमछा टाकला, खिशात कांदा कोंबला, आंबील पाजली आणि स्वतः सुपानं वारा घालत बसले.

"जंगलात आपन मशीन घेऊनच हिंडत होतो का, साहेब?"

मी घडोघडी बाबांच्या कपाळाला हात लावून बघत होतो. शेवटी त्यांनी तो झटकला. "अरे, लग्न बघू दे की!" अक्षता पडल्या. बाबांना काही झालं नाही. परतताना एसी लावून ते थेट नागपूरपर्यंत घोरत आले, हेही सांगायला हवं.

नंतर तो एसी त्यांच्या खोलीत बसवला. त्याची पाठ गल्लीकडे. रोज दुपारी बाबा विचारत, "मागं कोण बसलंय का बघ." कोणी सावलीला टेकलेलं असलं की एसी न लावता ओला पंचा घेऊन पडून राहत.

बाबांना जाऊन जमाना झाला. आता मी चौथ्या मजल्यावर राहतो. एसीचं बटण दाबण्याआधी खिडकीशी जातो, तेव्हा लेक वैतागते, "बाबा, इतक्या उंचावर कोण असणार मागं?"

कोणी नसतं. तरी मी बघून येतो.