आबांनी नातीची तक्रार केली

आबा, म्हणजे माझे सासरे, घरातल्या कुणाबद्दलही चारचौघांत वाईट बोलायचे नाहीत. मी केलेली खिचडी करपली तरी पाहुण्यांना सांगायचे, "आमनी सूनना हातले चव शे." पाहुणे बिचारे मान डोलवायचे आणि मी आत कपाळावर हात मारायची.

माझी ओवी तेव्हा तिसरीत. डबा शाळेत, वही रिक्षात आणि अर्धं गणित सोडून ओवीबाई खिडकीपाशी. वर्गशिक्षिकेनं बोलावून सांगितलं, "तपासून घ्या. हुशार आहे, पण असंच चाललं तर फार मागे पडेल." आबांनी फर्मान काढलं, डॉक्टर धुळ्याचाच! जळगावात कुणी पाहिलं तर उद्या सोयरिकीला अडचण. नात आठ वर्षांची! धुळ्याच्या दवाखान्यात पाय ठेवला, तर बाकावर त्यांच्या चुलतभावाचे व्याही बसलेले.

आत डॉक्टर मॅडम विचारत होत्या आणि आबा मुलगी दाखवायला बसल्यासारखी उत्तरं देत होते.

"अभ्यासात लक्ष लागतं का?"

"लागस ना! पोरगी भलती गुनी शे."

"वस्तू हरवते?"

"कधीच नही."

पोळ्याही लाटते, हेही त्यांनी घुसडलं. खोटं आहे हे मला कळत होतं, पण ऐकायला बरं वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, "शाळा एक सांगते, घर दुसरंच. अशानं मला काहीच ठरवता येणार नाही."

घरी आल्यावर ओवीनं विचारलं, "आबा, तुम्ही खोटं का सांगितलं? मी गुणी नाहीये. मी रोज ठरवते, पण होतच नाही." आबा त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढच्या सोमवारी तेच टोपी घालून तयार. मॅडमसमोर बसताच हात जोडले. "मी खोटं बोलनू. आते खरं सांगस, बठ्ठं लिखी ल्या." मग जे सुरू झाले! हरवलेल्या चपला, अर्धं टाकलेलं ताट, रस्त्यात हात सोडून पळणं, शाळेच्या नावानं रडणं. मला ठाऊक नव्हतं तेही त्यांना ठाऊक होतं. शेवटी म्हणाले, "पन तिना दोष नही. हाई बी लिखा."

निदान झालं, एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास. मॅडमनी आम्हाला घरी कसं वागायचं ते शिकवलं. शाळेतल्या बाई गणितं दोन-दोन करून द्यायला लागल्या, मधेच हजेरीपट ऑफिसात पोचवायला ओवीलाच पाठवायच्या. ती आता सहावीत आहे. चपला अजून हरवतात, पण शाळेत रडत जात नाही.

आबा गेल्या वर्षी गेले. परवा फाइल चाळताना त्या सोमवारचं पान निघालं आणि मला रडू कोसळलं. वरच मॅडमनी लिहिलं होतं, 'माहिती देणारे : आजोबा. माहिती विश्वासार्ह.'