डांबराच्या गोळ्या

"घरात डांबराच्या गोळ्या वापरता का हो, सुमतीबाई?" सरांनी हे विचारलं तेव्हा माझं सहा दिवसांचं बाळ परळच्या इस्पितळात निपचित पडलं होतं. आदल्याच दिवशी त्याचं रक्त बदललं होतं. मी म्हटलं, "वापरतो. मीच आणल्यात."

तेवढ्यावरच निदान झालं. सर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. तिथं मी नवजात बाळांच्या रक्तातलं बिलिरुबिन मोजायची. तांबड्या पेशी मोडल्या की जे पिवळं द्रव्य उरतं ते बिलिरुबिन. फार वाढलं तर ते मेंदूत उतरतं. दुसऱ्यांच्या पोरांचे आकडे लिहिताना माझा घास कधी अडला नव्हता.

आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालत नाहीत. वडिलांचं जुनं झबलं, टोपडं, आजीच्या लुगड्याची दुपटी. हे सगळं माझ्या सासूबाई, माई, ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालून ठेवायच्या. सातव्या महिन्यात मी तो पाला केरात टाकला. "माई, पाल्यानं का कुठं कसर मरते?" म्हणत हिंदमाता टॉकीजजवळच्या दुकानातून गोळ्या आणल्या आणि मुठीमुठीनं टाकल्या. माई एवढंच म्हणाल्या, "तू शिकलेली. तुला कळतं."

सूतिकागृहातून दादरला घरी आलो तिसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी माई म्हणाल्या, "अगं, पोराचे डोळे हळदीसारखे दिसताहेत." मी हसले. बहुतेक बाळांना थोडी कावीळ होते, आपोआप जाते, असं त्यांना ऐकवलं. एक अख्खा दिवस मी या शहाणपणात घालवला. बायांनो, तुम्ही घालवू नका. पिवळेपणा पोटावर उतरला, बाळ दूध ओढेना, की माझ्यासारख्या दीडशहाणीला विचारत बसू नका. उचला आणि दवाखाना गाठा.

पाचव्या दिवशी, घरात पाचवीची पूजा मांडलेली टाकून, आम्ही परळ गाठलं. डॉक्टर म्हणाले, "एक्स्चेंज ट्रान्सफ्यूजन करावं लागेल." म्हणजे बाळाच्या बेंबीतून थोडं थोडं रक्त काढायचं आणि तेवढंच दुसऱ्याचं भरायचं. पण रक्ताची बाटली मोर्च्यापलीकडे अडकली. बाहेर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' आणि आत मी घड्याळाकडे बघत बसलेली. आमचे यजमान त्याच मोर्च्यात. बाटली यायला दोन तास गेले. मी मोर्च्याला शिव्या घातल्या, यजमानांना घातल्या. शिव्या घालायला कुणीतरी असलं की बरं असतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी तो प्रश्न विचारला आणि ते कुणीतरी राहिलंच नाही. रक्त बदलण्याआधीचा नमुना त्यांनी राखून ठेवला होता. त्यात जी-सिक्स-पी-डी हे एंझाइम जवळजवळ नव्हतं. हे एंझाइम तांबड्या पेशींना सांभाळतं. ते नसलं तर कपड्यांत मुरलेल्या डांबरगोळीनंही पेशी फटाफट फुटतात. "एरवी अशी मुलं ठणठणीत असतात," सर म्हणाले. धीर द्यायलाच म्हणाले असतील. पण तो 'एरवी' मला अजून टोचतो.

बाळ वाचलं. रक्त देणाऱ्या त्या अनोळखी माणसाला मी आजही हात जोडते.

मग महाराष्ट्र झाला. आमच्या गल्लीत फटाक्यांच्या माळा लागल्या. शेजारची तान्ही पोरं दचकून किंचाळायला लागली. माझा श्रीकांत खिडकीशीच होता. खाली माळ तडतडत होती आणि हा दुपट्याचं टोक चघळत होता. यजमान पेढे घेऊन आत आले.

"अहो," मी म्हटलं, "याला ऐकू येत नाही."

माईंनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर निदान भांडता आलं असतं. डांबरगोळ्यांवरच्या आमच्या शोधनिबंधात श्रीकांत एका तक्त्यातली एक ओळ आहे: कावीळ मेंदूत उतरली, कान गेले. त्याचं नाव नाही, आणि आई काय काम करते तेही नाही.

आता आमच्या तपासणीच्या कागदावर मी एक प्रश्न वाढवलाय. परवा लालबागच्या एका बाळंतिणीला विचारला, "तान्ह्याचे कपडे कशात ठेवले होतेस?"

ती ओशाळली. "कडुलिंबाच्या पाल्यात, बाई. मी गोळ्या आणायला सांगत होते, पण सासू ऐकेल तर ना! जुन्या वळणाची आहे."

मी लिहून घेतलं. मग म्हटलं, "घरी गेलीस की तिच्या पाया पड."

माझ्यानं ते अजून झालेलं नाही.